वऱ्हाडातील मुलांचे दंतोपचार आणि संदर्भसेवेचा इतिहास

रुग्णास एका ठिकाणाहून अधिक साधनसंपन्न अशा दुसऱ्या ठिकाणी पाठविण्याच्या व्यवस्थेला आजच्या शासकीय मराठीत ‘संदर्भ सेवा’ असे नाव आहे. शब्द भाषांतरातून घडलेला आहे व काहीसा कोरडाही आहे. अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत तो फारसा कोणाच्या तोंडी नाही. तेथे ‘डॉक्टरनं चिठ्ठी देली, इर्विनले न्या म्हणते’ एवढ्याने काम भागते. वस्तुतः लोकांचा हा शब्द अधिक नेमका आहे. चिठ्ठी म्हटली की ती लिहिणारा जसा आला, तसा ती घेणाराही आला. संदर्भसेवेचा इतिहास मात्र बहुधा लिहिणाराच्या बाजूनेच सांगितला जातो. शाळांतील मुलांची तपासणी केव्हा सुरू झाली, कोणत्या समितीने कोणत्या साली काय शिफारस केली, किती फिरती पथके नेमली गेली, या गोष्टींची नोंद सापडते. चिठ्ठी जेथे पोहोचावयाची ते ठिकाण त्या काळी अस्तित्वात होते काय, असल्यास किती अंतरावर आणि कोणत्या खात्याच्या ताब्यात होते, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. मुलांच्या दातांच्या बाबतीत तर तो विचारल्यावाचून इतिहासाचा उलगडाच होत नाही. कारण वऱ्हाडात दात तपासणारी नजर आधी आली आणि दात वाचविणारा हात फार मागाहून आला.

आयुर्वेदाने मुलांच्या दातांचा विचार केला नव्हता असे नाही. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात ‘दन्तजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे, आणि वाग्भटाने दंतोद्भेद हे बालकांच्या यच्चयावत रोगांचे कारण म्हणून सांगितले आहे. काश्यपसंहितेतील एक तपशील या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मनुष्याच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात व उरलेले चोवीस द्विज, म्हणजे दोनदा जन्मणारे, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक शारीरशास्त्राप्रमाणे दुधाचे दात वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. म्हणजे फरक चारांचा पडतो, आणि ज्या चारांमुळे तो पडतो त्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायम दाढा असाव्यात, असा तर्क करण्यास जागा आहे. या दाढा कोणताही दुधाचा दात पाडून येत नाहीत. दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या हिरडीतून मुकाट्याने वर येतात. त्यामुळे ती दुधाचीच समजण्याची चूक आजही घरोघर होते, आणि त्या चुकीचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

ग्रंथांतील हा विचार खेड्यापर्यंत क्वचितच पोहोचला. तेथे दुखऱ्या दाताचे कारण एकच मानले जाई, ते म्हणजे कीड. आणि तिच्यावरील उपचारही ठरलेला होता. भुईरिंगणीचे वाळलेले बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीने तोंडात घ्यावयाचा, म्हणजे किडे गळून पडतात अशी समजूत होती. धुराने काही काळ बधिरता येत असेल. गळून पडलेले ‘किडे’ दाखविण्यात हातचलाखीचा भाग किती हे निराळे सांगावयास नको. लवंग, हळद-मीठ, तुरटीच्या गुळण्या ही घरची साधने होती. त्यापलीकडे तुंबडी लावणारा वैदू, आणि हलणारा दात हिसकून काढणारा कोणी गावातलाच धाडसी इसम. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षणीय आहे. तीत ‘पुढे’ असे काही नव्हते. जो उपचार करी तोच शेवटचा होता आणि त्याच्याने झाले नाही तर दुखणे सोसावयाचे होते. मुलांच्या बाबतीत सोसणे आणखी सोपे मानले जाई, कारण दुधाचे दात पडावयाचेच आहेत ही समजूत हाताशी होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखाने उघडले गेले. जिल्ह्याला सिव्हिल सर्जन आणि त्याच्या हाताखाली तालुक्याचे दवाखाने अशी उतरंड उभी राहिली. संदर्भसेवेचा सांगाडा, चिठ्ठी नसली तरी, याच उतरंडीत आहे असे म्हणता येईल. परंतु या सांगाड्यात दाताला स्वतंत्र जागा नव्हती. दात उपटणे हे शस्त्रवैद्यकाचे एक किरकोळ अंग मानले जाई. दवाखान्याच्या पेटीत चिमटा असे आणि तो चालविणारा हात असे, एवढेच. दात भरून वाचविणे ही कल्पना या उतरंडीच्या वरच्या टोकालाही नव्हती. तेव्हा खालच्या दवाखान्याने मुलाला वर पाठवून उपयोग काय? वरही तोच चिमटा होता.

येथे देवी काढण्याच्या मोहिमेशी तुलना केली असता बरेच काही स्पष्ट होते. देवीची लस टोचणारा माणूस गावात येई, एका दिवसात पोरांचे दंड टोचून निघून जाई. लोकांचा विरोध झाला, फसवाफसवीही झाली; पण मुलाला कोठे जावे लागत नव्हते. जो उपचार मुलाकडे चालत जातो त्याचा प्रसार सरकारी यंत्रणेला जमला. ज्या उपचारासाठी मुलाने चालत यावयाचे, एकदा नव्हे तर तीन-चार वेळा यावयाचे, तो तिला जमला नाही. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हा भेद पुरेसा अधोरेखित झालेला नाही. दाताचा उपचार पूर्णतः दुसऱ्या जातीचा आहे. त्याला खुर्ची लागते, उजेड लागतो, पाणी लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेच मूल पुन्हा यावे लागते.

याच काळात युरोपात निराळ्या दिशेने विचार चालू होता. १८८५ साली विल्यम फिशर या स्कॉटिश दंतवैद्याने शाळकरी मुलांच्या दातांकडे सक्तीने लक्ष पुरविले पाहिजे असे मत मांडले. १९०२ मध्ये, त्या वेळी जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात, अर्न्स्ट येसेन याने शाळकरी मुलांसाठी खास दंतचिकित्सालय उघडले. १९०७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरली आणि त्याच वर्षी केंब्रिज येथे मुलांचे दंतचिकित्सालय सुरू झाले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. स्ट्रासबुर्गला उपचाराचे ठिकाण आधी झाले. केंब्रिजला तपासणी आणि उपचार एकाच वर्षी आले. न्यूझीलंडने १९२१ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे ‘शालेय दंतपरिचारिका’ हा नवा वर्ग तयार करून त्यांना शाळेच्या आवारातच लहान चिकित्सालये दिली. मुलांचे दात भरण्याचे व काढण्याचे काम त्या करीत. चिठ्ठी वर्गातून निघून पटांगण ओलांडले की पोहोचे.

हिंदुस्थानात शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. सयाजीरावांच्या राज्यात ती व्हावी यात नवल नाही. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला होता व त्याचा कारभार आता नागपूरहून चालत होता. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. परंतु दंतवैद्यकाचे शिक्षण देणारी एकही संस्था या प्रांतात नव्हती. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत १९३३ मध्ये पुढे नायर रुग्णालयाशी निगडित झालेले महाविद्यालय आणि १९४५ मध्ये सरकारी दंतमहाविद्यालय निघाले. अकोल्याच्या मुलाला यांपैकी जवळचे ठिकाण मुंबईच होते, आगगाडीने सुमारे ५८० किलोमीटर. आणि ते दुसऱ्या प्रांतात होते. अकोल्याच्या सिव्हिल सर्जनचे वरिष्ठ नागपुरास बसत. मुंबईच्या रुग्णालयाला त्याने चिठ्ठी लिहिली असती तर ती व्यवस्थेचा भाग ठरली नसती, ओळखीचा भाग ठरली असती. ज्यांना ओळख व भाडे दोन्ही होते अशा अमरावतीच्या वकिलांची व कापसाच्या अडत्यांची मुले मुंबईस जाऊन दात दाखवून येत असतील. त्या प्रवासांना संदर्भसेवा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होईल.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि या अभावाला प्रथमच आकड्यांचे रूप आले. ब्रिटिश हिंदुस्थानात शिक्षित दंतवैद्य सुमारे एक हजार, म्हणजे तीन लाख लोकसंख्येमागे एक, असे समितीने नमूद केले. वैद्यांचे प्रमाण सुमारे ६,३०० लोकांमागे एक होते. शाळांतील आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असेही समितीला म्हणावे लागले. यातील दंतवैद्यांचा आकडा सरासरी आहे हे विसरून चालणार नाही. जे हजार होते ते मोठ्या शहरांतून होते. वऱ्हाडच्या खेड्याच्या दृष्टीने तीन लाखांमागे एक हेही प्रमाण कागदावरचे होते.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू केली. या नोंदवहीचे दोन भाग होते. पहिल्यात पदवीधर, दुसऱ्यात ज्यांना पदवी नव्हती पण किमान पाच वर्षे दंतवैद्यकावरच ज्यांचा चरितार्थ चालत आला होता असे लोक. दुसरा भाग ठेवणे ही तडजोड होती. परंतु देशभरात हजारच पदवीधर असताना तिला पर्याय नव्हता. कायद्याने दंतवैद्याखेरीज दंत-आरोग्यक व दंत-यांत्रिक या दोन वर्गांनाही मान्यता दिली. न्यूझीलंडच्या दंतपरिचारिकेसारखा, मुलांचे दात शाळेतच भरू शकेल असा वर्ग मात्र त्यात नव्हता. कागदावर ही गोष्ट लहान दिसते. पण तिने पुढील अर्धशतकाची दिशा ठरविली. दात वाचविण्याचे काम पदवीधरानेच करावयाचे असे ठरले, आणि पदवीधर तर शहरात राहणार, म्हणून प्रत्येक दुखरा दात हा आपोआप ‘पुढे पाठविण्या’चा विषय झाला. ज्या देशाला पाठविण्याची सोय सर्वांत कमी होती त्यानेच पाठविण्याची गरज सर्वांत अधिक निर्माण केली, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये.

स्वातंत्र्योत्तर काळात चिठ्ठी लिहिणारे हात झपाट्याने वाढले. १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. दरम्यान वऱ्हाडचे राजकीय स्थान दोनदा बदलले: १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो जुन्या मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ज्या मुंबईत दंतमहाविद्यालये होती ती आता आपल्याच राज्याची राजधानी झाली. अंतर मात्र राज्यपुनर्रचनेने एका मैलानेही कमी झाले नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि येथे संदर्भसेवेच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत दूरगामी घटना घडली. तिची चर्चा लोकशाही विकेंद्रीकरणाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. रुग्णाच्या वाटेच्या अंगाने जवळजवळ झालेली नाही. प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे गेली. जिल्हा रुग्णालय, मग ते अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे, राज्यशासनाच्या आरोग्यखात्याकडे राहिले. वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालये पुढे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे गेली. मेळघाटातील आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याच्या. म्हणजे मुलाचा दात एका खात्याच्या शाळेत तपासला जातो, चिठ्ठी दुसऱ्या खात्याच्या रुग्णालयाच्या नावे निघते, आणि तेथे न जमल्यास तिसऱ्या खात्याच्या महाविद्यालयाकडे. पाठविणारा घेणाराचा वरिष्ठ नाही व कनिष्ठही नाही. मूल पोहोचले की नाही हे त्याने विचारावे असे बंधन नाही, आणि आले नाही हे घेणाराला कळण्याचे साधन नाही. ब्रिटिशांच्या उतरंडीत वरचे टोक रिकामे होते, पण दोरी एक होती. नव्या व्यवस्थेत वरचे टोक हळूहळू भरले, पण दोरीचे तीन तुकडे झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. विकेंद्रीकरण शाळेसाठी व केंद्रासाठी योग्यच होते. रुग्णाची वाट ही त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, इतकेच. १९७५ साली श्रीवास्तव समितीने प्राथमिक केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत अखंड असे ‘संदर्भ सेवांचे संकुल’ उभारावे अशी शिफारस केली, ती याच तुटीच्या जाणिवेतून.

१९६८ मध्ये नागपुरास शासकीय दंतमहाविद्यालय निघाले. चिठ्ठीला विदर्भात प्रथमच दुसरे टोक मिळाले. बडनेऱ्याहून ते आगगाडीने सुमारे १७० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. मुंबईच्या मानाने ही जवळीकच म्हणावयाची. पण दंतोपचाराचे अंतर किलोमीटरात मोजता येत नाही, फेऱ्यांत मोजावे लागते. किडलेली दाढ वाचवावयाची असेल तर पहिल्या दिवशी तपासणी, कीड आतल्या मज्जेपर्यंत गेली असल्यास तिची सफाई, मग काही दिवसांनी भरणे, अशा दोन-तीन भेटी ठरलेल्या. दात उपटावयाचा असेल तर एकच भेट. मूर्तिजापूरच्या शेतमजुराने मुलाला नागपुरास नेले तर त्याची एका फेरीला निदान एक दिवसाची, बहुधा दोन दिवसांची मजुरी बुडणार. बरोबर आई आली तर दोघांची. दंतवैद्याने उपचाराची निवड बापापुढे मांडली तर बाप कोणती निवड करील हे सांगण्यास अभ्यासाची गरज नाही. यावरून एक निष्कर्ष निघतो तो असा की अंतर हे केवळ उपचारापर्यंत पोहोचण्यातील अडथळा नव्हे. अंतर उपचाराचे स्वरूपच बदलते. शहराजवळच्या मुलाची दाढ भरली जाते, दूरच्या मुलाची तीच दाढ उपटली जाते, आणि दोन्ही नोंदी ‘उपचार केला’ याच रकान्यात पडतात.

उपटल्याने बिघडते काय, असा प्रश्न येथे सहजच येईल, कारण दुधाचा दात पडणारच असतो. दुधाची दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत आपली जागा धरून ठेवते. ती सहाव्या-सातव्या वर्षी काढली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायम दाताला वाट उरत नाही. तो आडवा-तिडवा येतो किंवा अडकून राहतो. आणि वर उल्लेखिलेली सहाव्या वर्षाची दाढ जर दुधाची समजून दुर्लक्षिली व अखेर काढली, तर तिच्या जागी पुन्हा काहीच येत नाही. चर्वणाचा मुख्य खांब दहाव्या वर्षीच जातो. ज्या भागात ज्वारीची भाकर हे मुख्य अन्न आहे तेथे याचा अर्थ काय, हे जेवणाऱ्यालाच कळते. दुखणारे मूल एका बाजूने चावते, कमी खाते, रात्री झोपत नाही आणि सकाळी शाळेत जात नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते, कारण पडत नाही.

मेळघाटात या साऱ्या अडचणी एकत्र येतात. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, त्यातील मोठा भाग घाटाचा व जंगलाचा. कोरकू कुटुंबे सुगीच्या दिवसांत कामासाठी अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला घरी परततात. त्यानंतर पुन्हा काहींना बाहेर पडावे लागते. शाळेत मुलाचा दात तपासला जातो त्या महिन्यात ते गावी असते. चिठ्ठीवरची तारीख येते तेव्हा ते कुटुंबासह दर्यापूर किंवा अकोटकडे कापूस वेचणीच्या शेतावर असू शकते. चिठ्ठीवर गावचा पत्ता असतो. वास्तविक त्या वेळी मूल डोंगरातल्या गावापेक्षा रुग्णालयाला अधिक जवळ असते. पण ज्या शेतावर ते आहे तेथील आरोग्य केंद्राला ते आपले म्हणून ठाऊक नसते. स्थलांतर हे संदर्भसेवेला अडथळा म्हणून मोजले जाते. थोडी कल्पकता दाखविली तर तीच संधी ठरू शकेल, परंतु त्यासाठी चिठ्ठी गावाच्या नावे नव्हे, मुलाच्या नावे असावी लागेल. याला आश्रमशाळांतील मुलांचा अपवाद आहे. ती वर्षाचे बरेच महिने एका ठिकाणी असतात व त्यांना नेणारे शिक्षक असतात. तथापि मुलाचा दात काढावा की ठेवावा याची संमती बापाची लागते, आणि बाप तेथे नसतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून घेणारी ठिकाणे जवळ येऊ लागली. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९१ मध्ये खाजगी दंतमहाविद्यालय निघाले. त्यानंतर अमरावतीस विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे आणि अकोल्यास जमनालाल गोयनका यांच्या नावाचे, अशी दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी महाविद्यालये झाली. यांच्या आगमनाने एक नवी गोष्ट घडली, जिचा विचार जुन्या समित्यांनी केलेला नव्हता. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दंतमहाविद्यालयाला रुग्ण हवे असतात. आजवर रुग्ण ठिकाण शोधीत होता, आता ठिकाण रुग्ण शोधू लागले. खेड्यांतून शिबिरे भरू लागली, शाळांतून तपासण्या होऊ लागल्या, गाड्या पाठवून मुले आणली जाऊ लागली. शिबिराच्या टीकाकारांना त्यात महाविद्यालयाची सोय अधिक दिसते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. तरीही गाडी पाठविणारा घेणारा हा या प्रदेशाच्या इतिहासात नवाच आहे. त्याची मर्यादा अशी की शिबिर एका दिवसाचे असते आणि दाढ भरण्याची दुसरी भेट शिबिरानंतर येते.

अखिल भारतीय स्वरूपाच्या २००२-०३ च्या दंतआरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के व बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. निम्मी मुले म्हणजे निम्म्या चिठ्ठ्या. हे प्रमाण पाहिले की एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. संदर्भसेवा ही मुळात अपवादासाठी योजलेली व्यवस्था आहे. शंभरांतील दोघांना पुढे पाठविण्यास ती समर्थ असते. पन्नासांना पाठवावयाचे म्हणजे शाळाच उठवून नेण्यासारखे आहे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा, फिरत्या पथकाकडून तपासणी आणि गरजूंना पुढील उपचार ही त्याची रूपरेषा. ज्या तीस विकारांसाठी तपासणी करावयाची त्यांत दंतविकार आहेत आणि दुभंगलेले ओठ व टाळूही आहेत. पथकातील वैद्य आयुष पद्धतीचे. त्यांच्यापुढे ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय, वऱ्हाडात अचलपूर, धारणी, मूर्तिजापूर इत्यादी. आणि त्यापुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याच्या रचनेत दंतवैद्याचे पद योजलेले आहे. कागदावर तुटलेल्या दोरीचे तुकडे येथे प्रथमच एकत्र बांधलेले दिसतात.

या एकाच कार्यक्रमातील दोन विकारांची वाटचाल शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दुभंगलेला ओठ दिसतो. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून मूल असे झाले ही समजूत अद्याप मेलेली नाही, आणि तिच्यापायी आईला बोल लागतो. म्हणून कुटुंब स्वतःच उपाय शोधते. पहिली शस्त्रक्रिया एकदा करावयाची, ती झाली की बदल गावभर दिसतो, आणि ती करणाऱ्या संस्थांकडे नेण्या-आणण्याची सोय बहुधा लावलेली असते. किडलेल्या दाढेला यांतील काहीच लाभत नाही. ती दिसत नाही, तिची लाज वाटत नाही, ती अधूनमधून दुखायची थांबते, आणि थांबली की बरी झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात दुखणे थांबणे हे मज्जा मेल्याचे चिन्ह असू शकते. एकाच कागदावर, एकाच वैद्याने लिहिलेल्या या दोन चिठ्ठ्यांचे भवितव्य इतके निराळे असावे यातच पाठविणाऱ्याच्या उत्साहाची मर्यादा कळून येते.

शाळेतील तपासणीत अलीकडे आणखी एक गोष्ट आढळते. सुपारी व खर्रा चघळण्याची सवय बारा-तेरा वर्षांच्या मुलांतही उतरली आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी खर्ऱ्याचे व्यसन विदर्भात टिकून आहे. तोंड पुरेसे उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलासाठी दाढ भरण्याची चिठ्ठी अपुरी आहे, आणि त्याला कोठे पाठवावे याचे सुबोध उत्तर पथकाजवळ नाही.

दरम्यान घेणारी ठिकाणे पुन्हा खाती बदलीत आहेत. अकोल्यास २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जुन्या जिल्हा रुग्णालयाचे ‘सर्वोपचार रुग्णालय’ झाले. १९९८ मध्ये वाशिम वेगळा जिल्हा झाल्याने त्या बाजूची वाटही बदलली होती. अमरावतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. शहरात ‘विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय’ या नावाची संस्था त्यापूर्वीपासूनच आहे. म्हणजे ज्या शब्दापासून हा विषय सुरू होतो तो येथे थेट पाटीवरच आला आहे. खेड्यातील माणूस मात्र तिलाही ‘सुपर’ म्हणतो, आणि दाताची चिठ्ठी घेऊन तो इर्विनलाच जातो.

यापुढील बदल कदाचित चिठ्ठीच्या विरुद्ध टोकाने येईल. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज व यंत्र यांवाचून केवळ हातच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली व १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. या भरणीसाठी लागणारे ग्लास आयोनोमर आणि कीड जागच्या जागी थांबविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे द्रावण ही दोन्ही २०२१ मध्ये त्या संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाली. द्रावणाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांवर ते लावू देण्यास आया कचरतात, मागच्या दाढांना तशी हरकत नसते. सूक्ष्म यंत्र नको, सुई नको, एका दाताला काही मिनिटे पुरतात. मज्जेपर्यंत न गेलेल्या किडीपुरता तरी हा उपचार शाळेच्या व्हरांड्यात होऊ शकतो. म्हणजे देवी काढणाऱ्याप्रमाणे तो मुलाकडे चालत जाऊ शकतो, आणि पन्नास चिठ्ठ्यांतून ज्यांना खरोखर खुर्ची, उजेड व भूल लागते अशा थोड्यांच्याच पुढे पाठवाव्या लागतील. हे द्रावण कोणाच्या हाती द्यावयाचे, दंतवैद्याच्याच की पथकातील अन्य कोणाच्या, हा प्रश्न मात्र १९४८ च्या कायद्याच्या वेळी न्यूझीलंडच्या परिचारिकेबाबत जो न सोडविता राहिला होता, तोच आहे.